नावापुढचा आकडा

लिनक्सवर आपण एखाद्या प्रोग्रॅमच्या चिन्हावर क्लिक करतो तेव्हा आधी तो प्रोग्रॅम चालत नाही, आधी लोडर चालतो. प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये एक यादी असते: मला अमुक लायब्ररी लागेल, तमुक लागेल. लोडर ती वाचतो, ठरलेल्या जागी त्या लायब्ऱ्या शोधतो, मेमरीत आणतो, उसन्या घेतलेल्या फंक्शनांचे पत्ते जुळवतो आणि मगच प्रोग्रॅमला वाट मोकळी करून देतो. यादीतली एक जरी लायब्ररी सापडली नाही तरी सगळं तिथेच थांबतं. टर्मिनल उघडून बसलेल्याला निदान एका ओळीचा निरोप दिसतो. चिन्हावर क्लिक करणाऱ्याला तोही दिसत नाही, त्याच्या दृष्टीने काही घडलेलंच नसतं.

ती यादी प्रत्येकाच्या यंत्रावर पुरी पडेल हे पाहणं माझं काम. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी देवनागरी मजकुराची जुळणी आणि मुद्रितशोधन करणाऱ्या एका प्रोग्रॅमची लिनक्स पॅकेजं बनवते. प्रोग्रॅम लिहिणारे माझे सहकारी आहेत, वापरणारे म्हणजे छोटे छापखाने, नियतकालिकांची कार्यालयं, काही सार्वजनिक वाचनालयं. मधल्या जागेत मी. आम्ही दोन तऱ्हांनी प्रोग्रॅम देतो. डेबियन आणि उबुंटू या डिस्ट्रोंसाठी रीतसर डेब पॅकेज, ज्यात यंत्रावर आधीपासून असलेल्या लायब्ऱ्याच वापरल्या जातात. आणि बाकीच्यांसाठी एक गठ्ठा, ज्यात लागणाऱ्या बऱ्याच लायब्ऱ्या आम्हीच सोबत बांधून देतो. या दोन वाटांपैकी कुठली कधी धरायची, हा प्रश्न मला या कामातला सर्वांत मोलाचा वाटत आला आहे.

लायब्ररीच्या फाइलचं नाव ‘.एसओ’पाशी संपत नाही. त्यापुढे एक आकडा असतो. हा आकडा म्हणजे लायब्ररी लिहिणाऱ्याने दिलेला शब्द: हा बदलत नाही तोवर तुम्ही आज बांधलेला प्रोग्रॅम माझ्या पुढच्या आवृत्त्यांवरही चालेल. एखादं फंक्शन काढून टाकलं, त्याला द्यायच्या गोष्टी बदलल्या, एखाद्या स्ट्रक्चरचा आकार बदलला, की आकडा वाढवायचा. डेबियनमध्ये हा आकडा पॅकेजच्या नावातच येतो. म्हणून ओपनएसएसएलची जुनी लायब्ररी लिबएसएसएल१.१ या नावाच्या पॅकेजात असते, नवी लिबएसएसएल३ मध्ये, आणि दोन्ही एकाच यंत्रावर गुण्यागोविंदाने नांदू शकतात.

ओपनएसएसएल ३.० सप्टेंबर २०२१ मध्ये आलं. उबुंटू २२.०४ ने ते घेतलं आणि १.१ सोडून दिलं. मग जुन्या लायब्ररीवर बांधलेले कितीतरी प्रोग्रॅम नव्या यंत्रांवर उघडेनात. तेव्हा लोकांनी काढलेला एक तोडगा मी अनेक यंत्रांवर पाहिला: लिबएसएसएल.एसओ.१.१ या नावाची एक लिंक करायची आणि ती ३ च्या फाइलकडे वळवायची. लोडरला हवं ते नाव मिळतं, म्हणून तो प्रोग्रॅम उघडायला जातो. जीलिबसी या मूळ सी-लायब्ररीप्रमाणे ओपनएसएसएलही प्रत्येक फंक्शनला आवृत्तीची खूण लावतं, त्यामुळे बहुतेक वेळा ती लबाडी तिथल्या तिथे पकडली जाते. पण अशी खूण न लावणाऱ्या लायब्ररीच्या बाबतीत हाच तोडगा वापरला, तर प्रोग्रॅम उघडतो आणि नंतर कधीतरी, भलत्याच ठिकाणी, कोणाचं तरी काम हातात असताना कोसळतो. आकडा बदलला याचा अर्थ लिहिणाऱ्याने आपल्याला वेळीच सावध केलं आहे. त्या इशाऱ्यावर खोटी पाटी लावणं मला मनापासून गैर वाटतं, आणि आमच्याकडे कोणी नवीन आलं की ही गोष्ट मी पहिल्या आठवड्यातच सांगते.

सगळ्यांच्या तळाशी असलेल्या जीलिबसीने मात्र आपला आकडा वर्षानुवर्षं ६ च ठेवला आहे. ती आकड्याऐवजी प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीची खूण लावते, आणि वागणूक बदलायची झाली तर जुन्या खुणेचं जुनं फंक्शनही जपून ठेवते. याचं एक उदाहरण मला फार आवडतं. २०१० मध्ये फेडोरा १४ वर फ्लॅशमधला आवाज खरखरू लागला. कारण शोधता शोधता लोक मेमकॉपी या फंक्शनपाशी पोचले. हे फंक्शन मेमरीचा एक तुकडा दुसरीकडे उतरवतं, आणि दोन तुकडे एकमेकांवर येत असतील तर ते वापरू नये असा प्रमाण नियम आहे. फ्लॅशने तो पाळला नव्हता, पण आतली रीत बदलेपर्यंत ते खपून गेलं होतं. लिनस टोरवाल्ड्स यांनीही त्या वादात भाग घेतला आणि वापरणाऱ्याची बाजू लावून धरली. पुढे जीलिबसी २.१४ मध्ये नव्या वागणुकीच्या मेमकॉपीला २.१४ ही खूण मिळाली, आणि जुन्या खुणेने बांधलेल्या प्रोग्रॅमांना जुनी, बिनधोक वागणूक मिळत राहिली. चूक दुसऱ्याची होती, तरी आधीच बांधून झालेले प्रोग्रॅम सांभाळले गेले.

पण हे सांभाळणं एकाच दिशेने चालतं. नव्या जीलिबसीवर जुना प्रोग्रॅम चालतो, जुन्यावर नवा चालेलच असं नाही. एका दुपारी सांगलीच्या एका छापखान्यातून फोन आला. “ताई, अहो काल रात्री तुमचं अपडेट घेतलं आणि आज उघडतच नाहीये. पाक्षिक उद्या छापायला घ्यायचंय.”

“टर्मिनल उघडता येईल का तुम्हाला? मी सांगते तेवढं फक्त टाइप करा आणि येईल ते वाचून दाखवा.”

त्यांनी अक्षर अन् अक्षर वाचून दाखवलं. जीलिबसी २.३४ सापडत नाही, असा तो निरोप होता. त्यांच्याकडे उबुंटू २०.०४ होतं, म्हणजे जीलिबसी २.३१. आमचा बिल्ड-सर्व्हर त्याच महिन्यात २२.०४ वर गेला होता, तिथे २.३५. प्रोग्रॅममध्ये नवीन असं काहीच वापरलेलं नव्हतं. पण ऑगस्ट २०२१ च्या २.३४ मध्ये थ्रेडांची वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या अगदी पहिल्या फंक्शनलाच नवी खूण लागली. त्यामुळे त्यानंतरच्या जीलिबसीवर बांधलेला नुसता ‘नमस्कार’ छापणारा प्रोग्रॅमही २.३४ मागतो. त्यांना मी आदली आवृत्ती परत घालून दिली, त्यांचं पाक्षिक वेळेवर निघालं. आमच्याकडे त्या दिवसापासून नियम झाला: ज्यांना आपण आधार देतो त्यांतल्या सर्वांत जुन्या डिस्ट्रोच्या कंटेनरमध्येच बांधायचं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची यंत्रं कितीही नवी असोत, बांधणी जुन्या पायावर.

आमच्या पॅकेजाची पहिली घडी एका बाहेरच्या कंत्राटदाराने घालून दिलेली होती. त्याने काय केलं असावं ते फाइल पाहताच कळतं. एलडीडी ही आज्ञा चालवली की प्रोग्रॅम उघडताना मेमरीत येणाऱ्या सगळ्या लायब्ऱ्या दिसतात. ती लांबलचक यादी त्याने जशीच्या तशी डिपेन्डन्सी म्हणून लिहून टाकली होती, आणि तीत लिबआयसीयू७० होतं. आमचा प्रोग्रॅम आयसीयूला हाक मारत नाही. ज्यावर आमच्या खिडक्या आणि बटणं उभी आहेत ते क्यूटी मारतं, आणि आम्ही क्यूटीला. आयसीयूचा आकडा तर दर मोठ्या आवृत्तीला बदलतो: उबुंटू २२.०४ वर ७०, डेबियन १२ वर ७२, उबुंटू २४.०४ वर ७४. त्यामुळे २४.०४ आलं तेव्हा प्रोग्रॅम तिथे उत्तम चालण्यासारखा असूनही पॅकेज बसायलाच तयार होईना, कारण ७० नावाचं पॅकेज तिथे नव्हतंच. व्याह्यांना आमंत्रण दिलं की त्यांच्याकडून कोण कोण येणार ते व्याही ठरवतात; त्यांच्या घरच्यांची नावं आपण आपल्या पत्रिकेत छापत नाही. रीडएल्फने फाइल उघडली की प्रोग्रॅमच्या थेट गरजा तेवढ्या दिसतात आणि त्या मोजक्याच असतात. डेबियनमध्ये तर हे हाताने लिहायचं कारणच नाही. डीपीकेजी-श्लिबडेप्स नावाचं साधन त्या थेट गरजा वाचतं आणि कुठल्या पॅकेजाची कमीत कमी कुठली आवृत्ती लागेल हे काढून देतं. हे त्याला कळतं कारण बऱ्याच लायब्ऱ्यांच्या पॅकेजांसोबत एक नोंद असते: कुठलं फंक्शन कुठल्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. वर्षानुवर्षं, ओळीगणिक ठेवलेल्या त्या नोंदींकडे मी फार आदराने पाहते.

त्या नोंदींची किंमत आम्हाला गठ्ठ्याने दाखवली. देवनागरी अक्षरं जुळवण्याचं खरं काम हार्फबझ ही लायब्ररी करते. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र, जोडाक्षरांची बांधणी, भाषा मराठी आहे असं सांगितल्यावर फॉन्टमधून मराठी वळणाचे ल आणि श उचलणं, हे सगळं तिच्याकडे. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस, अँड्रॉइड, सगळीकडे तीच आहे. आमच्या गठ्ठ्यात तिची एक जुनी प्रत बांधलेली होती. एका नव्या डिस्ट्रोवर गठ्ठा उघडताना अडू लागला: अमुक फंक्शन सापडत नाही. क्यूटी आपली खिडकी डेस्कटॉपशी मिळतीजुळती दिसावी म्हणून यंत्रावरच्या जीटीकेला बोलावत होतं, जीटीके पँगोला, आणि पँगोला हवी होती नवी हार्फबझ. लोडरने पाहिलं, लिबहार्फबझ.एसओ.० या नावाची लायब्ररी मेमरीत आधीच आहे. नाव तेच, आकडा तोच. म्हणून त्याने आमची जुनीच पुढे केली आणि तिच्यात ते नवं फंक्शन नव्हतं. आकड्याने दिलेला शब्द मोडला नव्हता. नवी लायब्ररी जुन्याला सांभाळते इतकंच वचन होतं, जुनीने नव्याला सांभाळावं असं कोणी म्हटलेलंच नव्हतं. अ‍ॅपइमेज प्रकल्पाने गठ्ठ्यात काय घालू नये याची एक यादी ठेवली आहे. तीत जीलिबसी आहे, फॉन्टकॉन्फिग आणि फ्रीटाइप आहेत, आणि हार्फबझही आहे. ती यादी कशातून घडत गेली असेल ते मला त्या दिवशी उमगलं.

याच गठ्ठ्यातली दुसरी अडचण आम्हा मराठी लोकांना जास्त लागणारी. काही वाचनालयांनी कळवलं की इथे मराठी टाइपच होत नाही, कळा दाबल्या की रोमन अक्षरं येतात. एलडीडीची यादी निर्दोष होती, एकही लायब्ररी कमी नव्हती. कमी होतं ते एक प्लगइन. मराठी टाइप करण्यासाठीच्या आयबस या साधनावरून येणारी अक्षरं क्यूटीपर्यंत पोचवणारा तुकडा क्यूटी उघडताना नव्हे, चालू असताना स्वतः शोधून मेमरीत घेतं, म्हणून तो कुठल्याच यादीत दिसत नाही. डेबियनच्या क्यूटी पॅकेजात तो असतोच, त्यामुळे डेब घेतलेल्यांना काही जाणवलं नाही. गठ्ठा बांधणाऱ्या साधनाने मात्र फक्त यादीतलं उचललं होतं. चालू असताना जे मागितलं जाईल ते प्रोग्रॅम वाचून, चालवून, माणसाला विचारूनच कळतं. तेव्हापासून प्रत्येक गठ्ठा बाहेर पडण्याआधी कोऱ्या यंत्रावर त्यात एक परिच्छेद मराठीत टाइप करून पाहिला जातो. ही चाचणी मी कोणावर सोपवत नाही.

सोबत दिलेल्या लायब्ऱ्या लोडरला सापडाव्यात म्हणून सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये एलडी_लायब्ररी_पाथ हे चल भरण्याची पद्धत सर्रास दिसते, आमच्याकडेही होती. तिचा दोष असा की हे चल त्या प्रोग्रॅमपुरतं राहत नाही, त्याने सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला वारशाने मिळतं. आमच्या खिडकीतल्या ‘पीडीएफ दाखवा’ या बटणाने यंत्रावरचा पीडीएफ दर्शक उघडायचा, त्याच्या वाट्याला आमच्या जुन्या लायब्ऱ्या यायच्या आणि तो बिचारा उघडता उघडता मिटायचा. वापरणाऱ्याला वाटायचं दर्शकच बिघडला. यावरचा उपाय जुना आणि चांगला आहे: शोधायची जागा प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच कोरून ठेवायची, स्वतःच्या फोल्डरच्या संदर्भाने. पॅचएल्फ हे साधन ते काम करतं, आणि बाहेरच्या कोणाला धक्का लागत नाही.

इतकं सगळं निस्तरावं लागतं तर लायब्ऱ्या सोबत द्यायच्याच कशाला, असं कोणी विचारेल. सगळंच सोबत का देत नाही, असं विचारणारेही भेटतात, आणि आमच्या कार्यालयात त्यांचंच प्रमाण जास्त होतं. माझं मत सप्टेंबर २०२३ मध्ये पक्कं झालं. वेबपी चित्रं उलगडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीत एक भयंकर दोष सापडला, सीव्हीई-२०२३-४८६३. हेतुपुरस्सर बनवलेलं एक चित्र उघडलं की हल्लेखोराला आपल्या यंत्रावर हवं ते चालवता येण्याचा धोका. १.३.२ या आवृत्तीत तो दुरुस्त झाला. डेबियन-उबुंटूने लगोलग सुधारित पॅकेज दिलं, आणि आमचं डेब वापरणाऱ्या प्रत्येकाचा प्रोग्रॅम आम्ही बोटही न लावता सुरक्षित झाला. बंद करून पुन्हा उघडायचा एवढंच, कारण चालू प्रोग्रॅम जुनीच फाइल धरून बसतो. गठ्ठ्याचं तसं नव्हतं. क्यूटीच्या चित्रं वाचणाऱ्या प्लगइनसोबत लिबवेबपीची प्रत आमच्या गठ्ठ्यात होती. म्हणजे नवी बांधणी, नवी चाचणी, आणि मग एकेका कार्यालयाला कळवणं. काहींनी तो गठ्ठा पेनड्राइव्हवरून दुसऱ्यांना दिलेला. ते दुसरे कोण, हे आम्हाला कधीच कळणार नव्हतं. छापखान्यात दिवसभर अनोळखी लोकांकडून आलेली चित्रंच तर उघडली जातात. क्रोम, फायरफॉक्स आणि इलेक्ट्रॉनवर बांधलेले सगळे प्रोग्रॅम त्याच आठवड्यात हीच धावपळ करत होते, प्रत्येक जण आपापल्या प्रतीसाठी.

सामायिक लायब्ररी म्हणजे सगळं क्षेम, असं मात्र मी म्हणणार नाही. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड यांनी फायली दाबणाऱ्या एक्सझेड या साधनातली चोरवाट उघड केली. डेबियनच्या अस्थिर शाखेवर एसएसएचने आत शिरायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्याशा गोष्टीचा त्यांनी पाठपुरावा केला होता. चोरवाट एक्सझेडच्या लिबएलझेडएमए या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये पेरलेली होती. एसएसएचच्या सर्व्हरला दाबलेल्या फायली उलगडायचं काही कारण नाही, मग ती लायब्ररी तिथे आली कशी? मूळ ओपनएसएसएचमध्ये ती नव्हतीच. ‘मी तयार आहे’ एवढा निरोप यंत्रावरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीला देता यावा म्हणून काही डिस्ट्रोंनी त्यात लिबसिस्टमडी जोडली होती, आणि तिच्या मागोमाग लिबएलझेडएमए आली. एका ओळीच्या निरोपासाठी केवढं ओझं. पुढे ओपनएसएसएच ९.८ ने तो निरोप स्वतःच द्यायला सुरुवात केली, आणि सिस्टमडीनेही अशा लायब्ऱ्या गरज पडेल तेव्हाच उघडायचं ठरवलं; पण त्या कुठल्या आहेत याची नोंद फाइलमध्ये ठेवली, पॅकेज करणाऱ्यांना वाचता यावी म्हणून. आमच्या त्या हरवलेल्या प्लगइनबद्दल अशीच एखादी नोंद असती तर!

एक्सझेडची बातमी आली त्या आठवड्यात मी आमच्या प्रोग्रॅमच्या थेट गरजा पुन्हा एकेक करून तपासल्या. बांधणीच्या सोयीसाठी जोडलेल्या आणि प्रत्यक्षात एकाही फंक्शनसाठी न लागणाऱ्या लायब्ऱ्या त्यात होत्या. लिंकरला ‘लागेल तेवढंच’ सांगणारा पर्याय दिला आणि त्या गळून पडल्या. प्रोग्रॅम तसूभरही बदलला नाही.

आता आमच्या भांडारात एक साधी फाइल आहे. गठ्ठ्यात आम्ही स्वतः घातलेली प्रत्येक लायब्ररी, तिची आवृत्ती, ती का घातली, आणि तिच्यावर लक्ष कोणी ठेवायचं. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ती लायब्ररी गठ्ठ्यात जात नाही. बाहेरून आलेला मजकूर, चित्रं, जाळ्यावरचा व्यवहार यांना हात लावणारी गोष्ट शक्यतो यंत्राचीच वापरायची. शुद्धलेखनासाठीची हन्सपेल मात्र गठ्ठ्यात आहे, कारण तिच्या नावातच आवृत्ती गुंफलेली असते, लिबहन्सपेल-१.७, आणि पुढची मोठी आवृत्ती आली की नाव बदलतं. वेगवेगळ्या डिस्ट्रोंवर एकच बांधणी चालवायची तर तिला सोबत नेण्यावाचून मार्ग नाही. तिच्यापुढच्या रकान्यात माझं नाव आहे.

मध्यंतरी डेबियन आणि उबुंटूत शेकडो लायब्ऱ्यांच्या पॅकेजांना ‘टी६४’ हे शेपूट लागलं. १९ जानेवारी २०३८ ला ३२-बिट वेळ मोजण्याची जागा संपते, म्हणून ३२-बिट एआरएमवर वेळेचा प्रकार ६४-बिट केला गेला. लायब्ऱ्यांचे आकडे तेच राहिले, पण त्या प्रकाराला स्पर्श करणारी आतली मांडणी बदलली, म्हणून पॅकेजांची नावं बदलावी लागली. आमच्या वापरकर्त्यांच्या ६४-बिट यंत्रांवर नवी पॅकेजं जुन्या नावालाही ओ देतात, त्यामुळे आम्हाला नुसतं नव्याने बांधणं पुरलं. त्या नामांतरात राबलेल्या स्वयंसेवकांचं काम बाहेर फारसं कोणाला दिसलं नाही, त्यांचं नाव कुठेतरी यावं असं मला फार वाटतं.

उबुंटू २०.०४ चा नेहमीचा आधार २०२५ च्या मे महिन्यात संपला. म्हणजे आमचा सर्वांत जुना पाया आता २२.०४ व्हायला हवा, जीलिबसी २.३५. सांगलीचा छापखाना अजून २०.०४ वरच आहे. त्यांच्या प्लेट काढणाऱ्या यंत्राचा चालक नव्या कर्नलवर चालत नाही. मी त्यांना फोन केला, सुरक्षेच्या दुरुस्त्या आता नेहमीसारख्या येणार नाहीत हे स्पष्ट सांगितलं, आणि बाहेरून आलेल्या फायली दुसऱ्या यंत्रावर उघडाव्यात असं सुचवलं. ते म्हणाले, “दिवाळी अंक होऊ द्या ताई, मग दुसरं यंत्र घेतोच.” २.३१ वरची बांधणी दिवाळीपर्यंत चालू ठेवायची, त्यात फक्त दुरुस्त्या जातील, नवं काही नाही, असं आम्ही ठरवलं. त्या कंटेनरपुढच्या रकान्यातही मी माझंच नाव घातलं आहे.